कोल्हापूरच्या जमिनीखाली : माती, मुरूम, पाषाण आणि पाणी

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटापासून टेंबलाईच्या टेकडीपर्यंतचे अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटरांचे आहे. पण एवढ्या पट्ट्यात घेतलेल्या बोअरमधून निघणारी जमीन एकसारखी नसते. नदीकाठी आधी मळीची माती लागते, तिच्याखाली चिकण काळी किंवा तपकिरी माती, मध्येच बारीक वाळूचा एखादा पट्टा, मग मुरूम; आणि खडकाला टेकायला दहा मीटरांच्या पुढेही जावे लागू शकते. जुन्या गावठाणात वरचे काही मीटर नैसर्गिक नसतातच. तिथे विटांचे तुकडे, खापऱ्या, राख, कोळसा आणि राडारोडा यांचा भराव असतो. माळाच्या अंगाला मात्र हातभर माती संपते न संपते तोच मुरूम लागतो आणि त्याच्याखाली काळा पाषाण. इमारत, पूल, पाण्याची टाकी किंवा विहीर यांपैकी काहीही बांधायचे असले, तरी यातली कोणती जमीन आपल्या वाट्याला आली आहे हे जागेवर बोअर घेतल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या प्लॉटला दीड मीटरवर मुरूम लागला म्हणून आपल्यालाही तो तिथेच लागेल, हा हिशेब या शहरात अनेकदा चुकतो. मधून एखादा बुजलेला ओढा गेलेला असला, की दोन प्लॉटांमधली जमीन पार बदलते.

या सगळ्याच्या तळाशी दख्खनचा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थंड होऊन हा खडक तयार झाला. भूशास्त्रज्ञांनी या थरांचे गट पाडून त्यांना ते जिथे नीट दिसतात त्या ठिकाणांची नावे दिली आहेत. त्यांतल्या वाई उपगटातल्या एका थरगटाचे नाव ‘पन्हाळा’ असे आहे. कोल्हापूर जिल्हा या लाव्हाच्या पसाऱ्याच्या दक्षिण कडेला येतो. त्यामुळे गडहिंग्लज, आजरा, चंदगड या बाजूला बेसॉल्टचे पांघरूण विरळ होते आणि त्याखालचे फार जुने वालुकाश्म व रूपांतरित खडक काही ठिकाणी उघडे पडलेले दिसतात. उत्तरेकडे हेच पांघरूण किती जाड होते, ते कोयना परिसरातल्या वैज्ञानिक बोअरांनी दाखवून दिले. भूकंपांच्या अभ्यासासाठी तिथे खोल बोअर घेण्यात आले, तेव्हा रासाटी येथे सुमारे ९३० मीटर आणि गोठणे येथे सुमारे १,२५० मीटर बेसॉल्ट भेदल्यावर ग्रॅनाइटी पायाखडक लागला. गोठण्याचा बोअर तीन किलोमीटरांपर्यंत खाली नेला गेला. बांधकामाला लागणारी खोली या मानाने अगदी किरकोळ, बहुधा दहा ते तीस मीटरांची. तरी त्या तीस मीटरांतही लाव्हाचे एकाहून अधिक थर येऊ शकतात आणि अभियंत्याची खरी अडचण तिथेच सुरू होते.

कारण लाव्हाचा एक थर वरपासून खालपर्यंत एकजिनसी नसतो. मधला भाग सावकाश थंड झालेला, घट्ट, काळा आणि जड असतो. विहिरी खोदणारे त्याला काळा पाषाण म्हणतात. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेल्या असतात. पुढे त्या झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशा पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरतात. हा मांजऱ्या खडक. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातकट गेरूची पट्टी असते. आधीच्या थराचा पृष्ठभाग उघडा राहून झिजला आणि त्याच्यावर नवा लाव्हा येऊन तो भाजला गेला, त्याची ही खूण. गेरू ओला झाला की मऊ पडतो आणि हाताने कुस्करता येतो. म्हणजे बोअर खाली जात असताना घट्ट पाषाण, मग ठिसूळ मांजऱ्या, मग मऊ गेरू आणि पुन्हा घट्ट पाषाण असा क्रम मिळू शकतो. खाली जाऊ तसतशी जमीन घट्ट होत जाते, ही समजूत इथे चालत नाही.

मांजऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. छिद्रे दिसतात म्हणून हा खडक पाणी सोडणारा, आणि काळा पाषाण भरीव दिसतो म्हणून तो पाणी अडवणारा, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पाषाण थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या-आडव्या सांधी पडतात. पाणी त्या सांधींतून वाहते. मांजऱ्यातल्या पोकळ्या खनिजांनी बुजलेल्या असल्या आणि त्याला सांधी नसल्या, तर तो धरणाच्या पायालाही चालेल इतका पाणबंद असतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले भूशास्त्रज्ञ आर. बी. गुप्ते यांनी हा भेद महाराष्ट्रातल्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांना शिकवला. पाषाण आणि मांजऱ्या हे दोन शब्द लिहून बोअरची नोंद पुरी होत नाही. सांधी किती, त्या उघड्या आहेत की मातीने भरलेल्या, हे लिहिल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ येत नाही.

पाषाण उघडा पडला की पाऊस, ऊन आणि हवा यांनी तो कुजू लागतो. कुजणे सांधींपासून आत सरकते, त्यामुळे दोन सांधींमधला चौकोनी ठोकळा कडांनी झिजत गोल होतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. शेवटी मुरमात अर्धवट कुजलेले गोटे उरतात. हे गोटे बोअर घेणाऱ्याला हमखास फसवतात. मीटरभर व्यासाच्या गोट्यावर हत्यार अडले की खडक लागला असे वाटते, काम थांबते आणि अहवालात खडकाची खोली प्रत्यक्षापेक्षा कमी येते. पाया खोदताना त्या गोट्याखाली पुन्हा मऊ मुरूम निघतो. म्हणून खडक लागल्यावरही त्यात काही मीटर आत जाऊन तो सलग आहे याची खात्री करावी लागते. बोअरचा खर्च वाचवताना हेच मीटर सगळ्यांत आधी कापले जातात, आणि पुढे सगळ्यांत महाग पडतात तेही हेच.

मुरूम मात्र कोल्हापूरकरांच्या कामाची जमीन आहे. नीट दबलेला, गोट्यांचा फारसा अडथळा नसलेला मुरूम दोन-तीन मजली घराचा भार सहज घेतो. अडचण मुरमाच्या वरच्या काळ्या मातीची. बेसॉल्ट पूर्ण कुजल्यावर तयार होणाऱ्या या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणखनिजे असतात. ती पाणी घेऊन फुगतात आणि सुकल्यावर आकसतात. हातकणंगले, शिरोळ या पूर्वेकडच्या तालुक्यांत ही माती खोल आहे, आणि उन्हाळ्यात तिथल्या शेतांना पडणाऱ्या रुंद भेगा हेच सांगतात. शहरातही ओढ्यांच्या आणि सखल भागांत ती सापडते. तिचा फुगण्याचा गुण मोजण्याची एक सोपी चाचणी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल घालायचे आणि चोवीस तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्ही नळ्यांतल्या मातीच्या आकारमानातला फरक म्हणजे तिचा मोकळा फुगवटा. तो पन्नास टक्क्यांच्या वर गेला की पायाची आखणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. काळ्या मातीखाली किंवा तिच्याच आत पांढऱ्या चुनखडीचे खडे मिळतात. पाणी वर-खाली होत राहण्याच्या पट्ट्यात ते बऱ्याचदा जमतात, म्हणून त्यांची खोली नोंदवून ठेवणे उपयोगाचे असते.

आता नदी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन त्यांची पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. सह्याद्रीच्या कड्यावर गगनबावड्याला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण हजाराच्या आसपास आणि शिरोळला त्याच्या निम्म्याइतका. वरून एवढे पाणी घेऊन आलेली नदी शहराजवळ सपाटीवर येते, वळणे घेत सावकाश वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरलेली असली की पंचगंगेचे पाणी तुंबते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ठरलेली आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. तुंबलेले पाणी हलत नाही, आणि त्यातला बारीक गाळ तिथेच बसतो. मळीचे थर असे शतकानुशतके साचत आले आहेत. कुंभारकामाला आणि वीटभट्ट्यांना लागणारी माती याच थरांतून निघते. पायाच्या दृष्टीने मळी एकसारखी दिसली तरी तशी नसते. नदीच्या जुन्या पात्रात वाळू आणि गोटे, वळणाच्या आतल्या बाजूला बारीक रेताड गाळ आणि काठापासून दूर मऊ चिकणमाती अशी तिची वाटणी असते, आणि नदीने वळण बदलले की ती वाटणीही बदललेली असते. वीटभट्टीसाठी माती काढून नेलेल्या आणि नंतर भरलेल्या जागा नकाशावर कुठेच दिसत नाहीत. त्या बोअरमध्येच कळतात.

माणसाने घातलेल्या भरावाचा थर या शहरात जितका जुना तितकाच जाड आहे. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केले. त्यात सातवाहन काळापासून बहमनी काळापर्यंतच्या वस्त्यांचे अवशेष एकावर एक मिळाले. ही उंची निसर्गाने एकट्याने दिलेली नाही. पडलेल्या घरांवर नवी घरे उभी राहत ती चढत गेली. पुरातत्त्वज्ञांसाठी तो ठेवा आहे. तिथे पाया घालणाऱ्या अभियंत्याच्या पुढे मात्र निरनिराळ्या घनतेचा, मध्ये पोकळ्या असलेला, कुजका भराव येतो. जुन्या पेठांमधल्या बोअरला पाच-सहा मीटरांवर खापरी लागली, तर तिची नोंद व्हायला हवी. तेवढ्यापर्यंत जमीन हललेली आहे हे ती सांगते.

तळ्यांचेही असेच. कोल्हापुरात एके काळी पुष्कळ तळी होती. त्यांतली कित्येक बुजवली गेली आणि त्यांच्या जागी मैदाने, मंडई, बाजार उभे राहिले. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे आणि जोराच्या पावसात तिथे आजही पाणी साचते. कपिलतीर्थाचे नाव मंडईला उरले आहे. बुजवलेल्या तळ्याच्या तळाशी काळा, कुजट वासाचा, सेंद्रिय गाळ असतो. वरचा भराव कितीही कुटला तरी खालचा गाळ वर्षानुवर्षे बसत राहतो. रंकाळ्याची गोष्ट उलटी आहे. परंपरा सांगते की तिथे दगडाची खाण होती आणि अंबाबाईच्या मंदिराचा दगड तिथलाच. खाणीच्या आसपासच्या जमिनीला खडक उथळ असणार हे उघड आहे, पण काठाचा भराव आणि खाणीतला पडका माल कुठपर्यंत पसरला आहे, ते बोअरनेच ठरते. जयंती नाल्यासारख्या ओढ्यांच्या काठी नैसर्गिक गाळ आणि टाकलेला भराव इतके मिसळलेले असतात की नमुना हातात घेऊन नीट पाहिल्याशिवाय ते वेगळे ओळखता येत नाहीत.

ही जमीन वाचण्याची पद्धत ठरलेली आहे. मातीत हाताच्या किंवा यंत्राच्या ऑगरने, नाहीतर चिखल फिरवत रोटरी यंत्राने बोअर खाली नेला जातो. दर दीड मीटराला, आणि थर बदलेल तिथे, प्रमाणित भेदन चाचणी घेतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून मोकळा सोडायचा आणि दुभागी नळी जमिनीत ठोकायची. पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजायचे. ही संख्या म्हणजे ‘एन’. मऊ चिकणमातीत ती दोन-चार असते, चांगल्या मुरमात पन्नासच्या पुढे जाते आणि मग ठोकणे थांबवतात. आकडा सोपा आहे, म्हणूनच तो जपून वापरावा लागतो. हातोड्याची दोरी पूर्ण सुटली नाही, बोअरच्या तळाशी माती ढासळलेली राहिली किंवा नळीत गोटा अडकला, तर ‘एन’ खोटा येतो. पाण्याखालच्या बारीक वाळूत आणि रेताड गाळातही तो फुगतो, म्हणून मानकानुसार पंधराच्या वरचा भाग निम्मा धरतात. पंचगंगेच्या काठी ही दुरुस्ती केली नाही, तर जमीन आहे त्याहून भक्कम दिसते. चिकणमातीचा न हललेला नमुना पातळ नळीत घेऊन प्रयोगशाळेत नेतात. तिथे तिची ओल, घनता, कणांची वाटणी, द्रव व आकार्य मर्यादा, ताकद आणि भाराखाली बसण्याचा वेग काढतात.

खडकात हिऱ्याचे बिट लावलेल्या नळीने गाभा काढतात. गाभ्याचे सुमारे साडेपाच सेंटिमीटर व्यासाचे तुकडे लाकडी पेटीत क्रमाने मांडून खोली लिहितात. जितकी लांबी कापली त्यापैकी किती हाती आली ते गाभ्याचे प्रमाण; आणि दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज घेऊन काढलेले शेकडा प्रमाण म्हणजे ‘आरक्यूडी’. पंचवीसच्या आत आले तर खडक अगदी वाईट, पंचाहत्तरच्या वर चांगला, नव्वदच्या वर उत्तम असे धरतात. ज्या मीटरातून गाभा आलाच नाही, तो मीटर सर्वांत महत्त्वाचा असतो. तिथे बहुधा गेरू किंवा माती भरलेली सांध होती आणि ती पाण्याबरोबर वाहून गेली. पेटीतली रिकामी जागा भरून काढण्यासाठी तुकडे सरकवून मांडणे, हा या कामातला सर्वांत वाईट प्रकार आहे. धरणाच्या जागी याच्या जोडीला पाणी दाबून बोअरची गळती मोजतात, आणि मॉरिस ल्युजाँ या भूशास्त्रज्ञाच्या नावाच्या एककात ती सांगतात.

पाण्यासाठी मारलेला बोअर वेगळा. त्यात दाबाच्या हवेने हातोडा खडक फोडत खाली जातो आणि वर येते ती भुकटी. भुकटीच्या रंगावरून गेरू लागला, पाषाण लागला, पाणी कुठे फुटले हे अनुभवी माणूस सांगू शकतो. पण तेवढ्यावरून जमिनीची ताकद कळत नाही. घराच्या आवारात आधीच बोअरवेल आहे म्हणून पायासाठी वेगळी तपासणी टाळता येत नाही.

भूजलाकडे वळताना आधी दोन पाणी वेगळी ओळखायला हवीत. माती आणि मुरूम यांत मुरलेले वरचे पाणी पावसाबरोबर चढते आणि उन्हाळ्यात उतरते. खालच्या लाव्हाथरांच्या सांध्यांत, मांजऱ्याच्या उघड्या भागात आणि गेरूच्या वर अडलेले खोल पाणी कधी दाबाखाली असते आणि बोअर त्या थराला पोचताच वर चढते. कुजलेल्या बेसॉल्टमध्ये साठवण थोडीच असते. भूजलाचे मूल्यमापन करताना त्या खडकाचे पाणी देण्याचे प्रमाण आकारमानाच्या एक ते तीन टक्के धरतात, वाळूच्या थरापेक्षा कितीतरी कमी. म्हणूनच इथे मोठ्या घेराच्या दगडी विहिरी खोदण्याची चाल पडली. विहीर स्वतःच टाकीचे काम करते आणि चहूबाजूंचे झरे रात्रभरात तिला भरतात. शहराला नळाचे पाणी मिळत असले, तरी उपनगरांत बोअरवेलची गर्दी झाली आहे. राज्याच्या भूजल अधिनियमाने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींना आळा घातला, त्यामागे हेच कारण आहे: खोल सांध्यांतले पाणी भरायला फार काळ लागतो.

बोअरमधली पाण्याची पातळी लिहिताना तारीख लिहिली नाही, तर तो आकडा निरुपयोगी आहे. मे महिन्यात सहा मीटरांवर असलेले पाणी ऑगस्टमध्ये जमिनीलगत येऊ शकते. बोअर घेताना आपणच ओतलेले पाणी किंवा फिरवलेला चिखल पातळी बिघडवतो, म्हणून बोअर उपसून किमान चोवीस तासांनी ती पुन्हा मोजतात. चिकणमातीत तेवढा वेळही पुरत नाही. तिथे जाळीची नळी बसवून कित्येक दिवस नजर ठेवावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. जागेवरचा एकच आकडा त्या मालिकेशेजारी ठेवला की तो वर्षातल्या कोणत्या टप्प्याचा आहे हे उमगते.

पंचगंगेकाठी एक खास गोष्ट घडते. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि नदी पायरीपायरीने भरून राहते. त्यामुळे काठाच्या जमिनीतले पाणी हिवाळ्यातही फारसे उतरत नाही. कोरडा हंगाम आहे म्हणून तळघर खोदायला घेतले आणि खड्ड्यात पाणी येत राहिले, असे याच पट्ट्यात होते. पूर ओसरतानाची अवस्था याहून अवघड. नदी झपाट्याने उतरते, काठातले पाणी तितक्या वेगाने निघत नाही, ओला काठ आपल्याच वजनाने ढासळतो. नदीलगतच्या बांधकामाची आखणी या अवस्थेसाठी करायला हवी.

पूर्वेकडे पाण्याची अडचण वेगळ्या रूपात भेटते. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत खोल काळी माती, तिच्यातून सावकाश होणारा निचरा आणि वर्षभर उसाला दिले जाणारे पाणी यांमुळे भूजल मुळांपर्यंत चढले. बाष्पीभवनाने क्षार वर आले आणि जमीन क्षारपड किंवा चोपण झाली. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाणी बाहेर काढण्याचे काम या भागात गेली काही वर्षे चालू आहे. अशा जागी बोअरमधल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून सल्फेट आणि क्लोराइड मोजणे टाळता येत नाही. सल्फेट काँक्रीट खाते, क्लोराइड आतले लोखंड गंजवते, आणि दोन्ही नुकसाने बाहेर दिसू लागतात तेव्हा दुरुस्ती अवघड झालेली असते.

या नोंदींवरून पाया ठरतो. माळावर स्वतंत्र चौथरे मुरमात किंवा खडकात टेकवले की काम भागते. अडचण अर्धा पाया पाषाणावर आणि अर्धा भरलेल्या खाचेवर येण्याची, कारण एक बाजू बसते, दुसरी बसत नाही आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. काळ्या मातीत ओल बदलण्याचा पट्टा साधारण साडेतीन मीटरांपर्यंत असतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले तळाशी फुगीर असे पाइल त्याच्या खालच्या स्थिर मातीत रुततात आणि घराला फुगवट्यापासून सोडवतात. नदीकाठी मोठ्या इमारतीला पाइल खडकात नेणे किंवा सलग तराफा पाया घालणे, असे पर्याय असतात. तळघर असले तर रिकाम्या इमारतीला पाणी खालून उचलते, आणि ते बळ मेच्या पातळीवर न काढता पुराच्या पातळीवर काढायचे असते.

भूकंपाचाही विचार करावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का कोल्हापुरात जोराने जाणवला होता, आणि भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत हे शहर तिसऱ्या भूकंपप्रवण क्षेत्रात धरले आहे. पाषाणावरच्या घरापेक्षा खोल मऊ मातीवरच्या घराला हादरा अधिक बसतो. मळीतल्या सैल, पाण्याने भरलेल्या बारीक वाळूचे पट्टे हादऱ्यात क्षणभर द्रवासारखे वागू शकतात. असे पट्टे पातळ आणि तुटक असतात, दीड मीटरांच्या अंतराने घेतलेल्या चाचण्यांच्या मधून निसटू शकतात. त्यांच्यासाठी नमुने जवळजवळ घ्यावे लागतात.

पश्चिमेकडच्या पठारांची कहाणी निराळी आहे. पन्हाळा, मसाई पठार आणि राधानगरी-शाहूवाडीकडचे सडे यांच्या माथ्यावर जांभा आहे. काही ठिकाणी त्यात बॉक्साइटही मिळते. वरचा जांभा कठीण आणि सच्छिद्र, त्यामुळे पाऊस त्यातून आत शिरतो. खाली मात्र पूर्ण कुजलेल्या बेसॉल्टची मऊ, रंगीत चिकणमाती असते आणि पाणी तिथे थबकते. पठाराच्या कडेला हे पाणी झऱ्यांच्या रूपाने फुटते. पावसाळ्यात ते वाढले की चिकणमाती सुटते आणि वरचा जांभ्याचा ठोकळा सरकतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाट बंद झाली. अशा उतारांवर बोअर घेताना जांभा लागल्यावर थांबणे म्हणजे तपासणी अर्धवट सोडणे. जांभ्याखालची माती, तिच्यातले पाणी आणि खालचा सलग पाषाण हे तिन्ही भेदेपर्यंत बोअर न्यावा लागतो. उताराच्या दिशेने एका ओळीत दोन-तीन बोअर घेतले, तरच घसरण्याचा पृष्ठ कुठे आहे ते दिसते.

बोअरचा अहवाल वाचणाऱ्याने तक्त्याआधी जागेचा नकाशा पाहावा. बोअर कुठे घेतला, त्याच्या तोंडाची उंची कोणत्या पक्क्या खुणेवरून मोजली आणि काम कोणत्या तारखांना झाले, हे त्यात असावे. नुसती ‘जमिनीखाली इतके मीटर’ अशी खोली पुढे भराव घातला किंवा खोदकाम झाले की निरर्थक होते. थरांची वर्णने सोप्या शब्दांत असावीत. रंग, ओल, चुनखडी, खापरी, वास हे सगळे लिहावे. कोणत्या खोलीवर फिरते पाणी अचानक नाहीसे झाले, कुठे बोअरची भिंत ढासळली आणि केसिंग कुठपर्यंत घालावे लागले, हे तक्त्याच्या शेऱ्यात येते आणि पुष्कळदा दुर्लक्षित राहते. उघड्या सांधीचा आणि सैल थराचा पहिला पत्ता तिथेच मिळतो. गाभ्याच्या पेट्या इमारत पुरी होईपर्यंत सावलीत जपून ठेवायच्या असतात, कारण मांजऱ्याच्या काही जातींचा हवा-पाणी लागताच महिन्याभरात भुगा होतो आणि त्या भुग्यातूनही एक माहिती मिळते. तपासणी संपल्यावर बोअर सिमेंट आणि बेंटोनाइटच्या घोळाने तळापासून वर भरत बुजवायचा असतो. उघडा राहिलेला बोअर पुराच्या दिवसांत वरचे गढूळ पाणी खालच्या स्वच्छ थरात नेतो.